एकवीस दिवस ओलं पोतं

मु. वेल्हे
पौष शुद्ध तृतीया, शके १८५७

विहीणबाई,

चाळीस बायांची पंगत असेल. म्या मोजली न्हाई, पन कापूरहोळच्या मांडवात त्या दिवशी तुमी एवढ्या मोठ्यानं बोललात की बुंदी वाढणाऱ्याचा हात थांबला. "रतनबाईच्या दारी म्हशीला गोठा हाय, पन पोटुशी लेकीला न्हायला आडोसा न्हाई. आधी न्हाणी बांधा, मग साळूला मागा." माझा घास ताटात राहिला. तिथनंच उठले असते, पन नवरीची मावशी माझी चुलत नणंद लागते, म्हणून गिळलं. पंधरा दिवस झाले तरी ते गिळलेलं खाली उतरत न्हाई. म्हणून लिहिते.

हा कागद आनंदराव तुमाला वाचून दाखवत असतील. व्याहीबुवा, तुमी कचेरीतले कारकून, साहेबापुढं वाचताना एक अक्षर गाळत न्हाई असं सांगता. तसंच हितं वाचा. वाकडं लिहिलंय ते वाकडंच वाचा, बायकोला गोड करून सांगू नका. म्या दुसरी शिकलेली. मास्तरांकडून लिहून घेतलं असतं तर अक्षर साजरं आलं असतं, पन मग साऱ्या वेल्ह्याला कळलं असतं की रतनबाईला विहिणीनं न्हाणीवरून बोल लावला.

साळू तुमची सून खरी, पन पोटची माझी. दोन वर्सांमागं पहिल्या खेपेला ती हितं आली तवा जे झालं ते दगडानं झालं. परसातला न्हायचा दगड, वर श्रावणाचं शेवाळ, आडोशाला बांधलेलं लुगडं वाऱ्यानं डोक्यावर येत होतं. आमच्या हितला पाऊस तुमाला भोरात बसून कळायचा न्हाई. पोर घसरली, सातवा होता, बाळ हाती लागलं न्हाई. दोष दगडाचा आन पावसाचा. त्यावर जास्त लिहीत न्हाई.

पहिलं जगलं न्हाई म्हणजे हेच पहिलं. आन पहिलं बाळंतपण आईच्या घरी होतं, ही रीत तुमच्या घरी बी हाय आन माझ्या घरी बी. आता तिला सहावा लागलाय. शिवरात्रीनंतरच्या अमावस्येला आठवा लागतो आन आठव्यात पोटुशी बाई वेस ओलांडत न्हाई. तेवढेच दिवस माझ्या हातात.

साळूच्या बांना विचारलं, न्हाणी कवा बांधायची? म्हणाले, "सुगी होऊ दे." सुगी झाली, खळं उठलं, भात कणगीत गेलं. म्हटलं, आता? म्हणाले, "शिमगा होऊ दे." नसरापूरचा गवंडी बोलावला. त्यानं परसात दोरी धरली, चार पावलं हिकडं, चार तिकडं, आन असा आकडा सांगितला की हे घोंगडीत शिरले ते जेवायलाच बाहेर आले. त्या गवंड्याला म्हटलं, बाबा, गूळपाणी घे आन जा.

न्हाणी मीच बांधते. आजवर खळं चोपलं, चूल घातली, भिंती लिंपल्या, तवा गवंडी कुणी बोलावला न्हवता. शिवरात्रीच्या आत न्हाणी उभी राहील. तुमी साळूचं गाठोडं बांधायला घ्या.

रतनबाई


मु. वेल्हे
पौष शुद्ध चतुर्दशी

विहीणबाई,

तुमचा जबाब गेनूनं भोरासनं येताना गाडीतनं आणून दिला. एका ओळीचा. "न्हाणी झाली की बघू." बघू काय? बघू म्हणजे व्हय का न्हाई? आन त्या ओळीखाली कागद कोरा होता. साळूला चौथीपर्यंत म्या शाळेत घातलं, भाऊबंद हसले तरी घातलं. तिनं तिथं दोन अक्षरं खरडली असती तर भोरातली शाई आटली असती का?

असो. न्हाणीचं ऐका.

जागा सैपाकघराच्या मागच्या भिंतीला धरली. आतून चार पावलं टाकली की न्हाणी, पावसात बाहेर पाय घालायला नको. जुन्या गोठ्याची पडवी पडली होती, तिचे दगड म्या आणले. साळूच्या बांनी आणले म्हटलं तरी चालेल, कारण म्या चार पाट्या वाहिल्या तवा त्यांना लाज वाटली आन पुढच्या साठ त्यांनी वाहिल्या. परसातला तो दगड घणानं फोडला. सात घाव लागले. त्याचे तुकडे भिंतीच्या पायात घातले, आता त्यावर भिंत बसली.

चुना महाग. म्हणून जितं पाणी उडंल तितंच चुना, कमरेएवढा. त्याच्या वर माती. बाहेरनं बी माती. चुन्याची कळी नसरापुरातल्या दुकानदाराकडनं हिरड्याच्या बदल्यात आणली. आमच्या डोंगरात हिरडा पडलेला असतो, वाकायची लाज नसली म्हंजी झालं. कळी पाणी ओतून विझवली तवा ती अशी उसळली की म्हैस दावं तोडून पळाली. चुन्यात हिरड्याचं पाणी आन गूळ घालतात हे म्या देवळाच्या कामावर बघितलं होतं. गुळाची ढेप फोडताना बघून हे म्हणाले, "भिंतीला शिरा करतीस काय?" म्हटलं, व्हय, तुमाला उरला तर देते. हाताची सालं निघाली. खोबरेल लावलं, परत हात घातला.

मोरीला नळ कुठनं आणू? घराची नळीची कौलं उरली होती ती उताणी टाकली, एकात एक सरकवून, थेट अळवाच्या वाफ्यापातूर. ढाळ बघायला गवंड्याची पट्टी न्हाई. परातीत पाणी घेतलं, जमिनीवर ठेवली, पाणी जिकडं काठाला जास्त चढलं तिकडं ढाळ. साधी गोष्ट. गवंडी याचेच पैसे घेतात.

धोंडाबाई कुंपणावरून बघत होती. म्हणाली, "रतने, बाईनं भिंतीला वळंबा धरला तर घर लाभत न्हाई गं." म्हटलं, तुझ्या घरी तर पुरुषानं धरला होता, मग तुझी भिंत पोटुशी का दिसतीया? तवापासून ती कुंपणावर येत न्हाई. पाणी मागायला मात्र येती.

चुलवणाचं तोंड बाहेरच्या अंगाला काढलंय. पाणी आत तापंल आन धूर बाहेर जाईल. बाळंतिणीला टेकून बसायला भिंतीला कट्टा केलाय. दार जुन्या गोठ्याचं, खालनं कापून बसवलं, आतनं कडी.

आतली चुन्याची जमीन काल चोपून पुरी झाली. चोपण्यानं अशी चोपली की आरशागत. आता आत जाळ करून सुकवते, वरनं शेणाचा हात देते, पाच दिवसांत न्हायाजोगी होती. म्हंजी शिवरात्रीच्या आत म्हटलं होतं, त्याच्या महिनाभर आधीच झाली. आता बघू म्हणायला तुमच्याकडं काय उरलं ते कळवा.

रतनबाई


मु. वेल्हे
पौष वद्य अष्टमी

विहीणबाई,

जमीन उठली.

सांगायला जीभ वळत न्हाई, पन दुसऱ्याकडनं तुमाला कळण्यापेक्षा माझ्याकडनं कळावं. पाचव्या दिवशी दोन हंडे तापवले आन पहिली मीच न्हायला बसले. तिसरा तांब्या ओतला आन टाचेखाली जमीन फुगली. भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी. हात लावला तर खाली भुगा. शेणाचा लगदा, चुन्याचा लगदा, मोरी तुंबली, मी मधे बसलेली, अंगाला साबण न्हाई, नुस्ता चुना. धोंडाबाईला वास लागला. आली, दारातनं बघितलं आन म्हणाली, "रतने, न्हाणी केलीस का शिरा केलास?" तिला शिऱ्याचं कुणी सांगितलं ते मला ठाऊक हाय. त्या दिवशी त्यांना जेवायला उशिरा वाढलं.

तुमचा कागद त्याच्या दुसऱ्या दिवशी आला. एक दिवस आधी यायला काय झालं होतं? त्यात तुमी लिहिलंय की तुमचे वडील चुना मळायच्या घाणीवर कामाला होते, आन चुना सुकवायचा नसतो. मातीची जमीन सुकवायची, चुन्याची भिजत ठेवायची. जाळ नको, शेण नको. वर पोतं टाकायचं, पोतं दिवसातनं चार वेळा भिजवायचं, एकवीस दिवस त्यावर पाय ठेवायचा न्हाई. "घाई केलीत तर चुना जीव धरत न्हाई," असं आनंदरावांच्या वळणदार अक्षरात लिहिलंय.

खोटं कशाला बोलू, आधी फाडायला घेतला. विहिणीनं शिकवायचं आन म्या ऐकायचं! मग फाटलेला जोडून परत वाचला. बरोबर हाय. आयुष्यभर जमिनी केल्या त्या मातीच्या. चुना म्हंजी पांढरी मातीच समजले.

सगळं खरवडून काढलं. उरलेली कळी पुरली न्हाई, परत हिरडा वेचायला डोंगरात गेले. येत्या एकादशीला नवी जमीन घालते. त्यावर एकवीस दिवस म्हंजी माघ वद्यातली तीज येती. आठवा लागायला तरी बी दहाबारा दिवस राहतात. बसतंय. पन एकवीस दिवस मी काय करू ते तुमी लिहिलं न्हाई. मला तव्यावरची भाकर फुगंपातूर दम निघत न्हाई.

एक विचारते. तुमाला साळूला पाठवायचंच नसंल तर माझी न्हाणी पडली काय आन उभी राहिली काय. मग चुन्याची अक्कल मला कशापायी सांगितलीत? हे मला उमगत न्हाई. उमगत न्हाई ते मला सहन होत न्हाई.

गेनूकडं आंबेमोहर पाठवते. नवा हाय, पेजेला चांगला. साळूला द्या.

रतनबाई


मु. वेल्हे
माघ वद्य षष्ठी

विहीणबाई,

न्हाणी झाली. एकवीस दिवसांवर अजून दोन दिवस पोतं ठेवलं. चार हंडे ओतले, पाणी मोरीनं सरळ अळवात गेलं. टाच आपटली, जमीन हलली न्हाई. चुना दगडागत झालाय. तुमच्या वडलांना माझा नमस्कार, असतील तितं.

आता दुसरं. गेनूनं मला सांगितलं.

त्यानं तांदूळ दिला त्याला तीन आठवडे झाले. तवापासून तो माझ्यासमोर आला की बैलांशी बोलायचा. काल जू बांधताना धरला. म्हटलं, गेन्या, भोरासनं आल्यापासून तुझं तोंड शिवल्यागत झालंय, काय खाल्लंस तितं?

म्हणाला, "काकू, नगा इचारू."

म्हटलं, इचारलंय. बोल.

"म्या वसरीला बसलो व्हतो. आत साळूताई आन तिच्या सासूबाई बोलत व्हत्या. साळूताई म्हणली, आत्याबाई, न्हाणी सोन्याची बांधली तरी मी जायची न्हाई."

"आन त्या?"

"त्या म्हणल्या, अगं पोरी, न्हाणीच्या नावावर मी किती दिस ढकलू? तुझी आय बाई न्हवं..."

इतकं बोलून तो बैलांकडं वळला. म्हटलं, पुरं सांग. "तुझी आय बाई न्हवं, वरवंटा हाय. तिनं खरंच बांधली तर मी काय सांगू?"

मी जू तिथंच टाकलं आन न्हाणीच्या कट्ट्यावर जाऊन बसले. कडी लावून.

म्हंजी बनाबाई, तुमी चाळीस बायांत वाईट झालात ते माझ्या लेकीपायी. साळू येत न्हाई म्हणती हे पंगतीत मला कळू नये म्हणून तुमी न्हाणी पुढं केलीत. आन मी दीड महिना तुमच्या नावानं दगड वाहिले. वरवंटा म्हणालात ते बरोबरच म्हणालात. कापूरहोळचा माझा राग आजपासून गेला. मला माफी मागायची सवय न्हाई, ती कशी मागतात ते मला येत न्हाई, म्हणून साधं लिहिते. माझं चुकलं.

व्याहीबुवा, आता हितं थांबा. पुढचं पान घडी घालून वेगळं ठेवलंय. ते न वाचता साळूच्या हातात द्या.


साळे,

सासू तुझी चांगली हाय. तिच्याशी नीट राहा.

मी सगळ्यांना दोन वर्सं सांगत आले, दगडानं झालं, शेवाळानं झालं. तुझ्या सासूला बी तेच लिहिलं. दगड तर त्याच्या जागेवरच होता. तुला ठाऊक हाय आन मला ठाऊक हाय. पाव्हणे यायचे होते, चूल रिकामी जळत होती, आन मी पडवीतनं ओरडले, "राणी हायेस काय, किती घोळ घालतीस, उठ की!" तू उठलीस. लुगडं पुरतं नेसली न्हवतीस. तशी उठलीस.

आन तू खाली पडलेली असताना, तुला उचलायच्या आधी मी बोलले, "पाय बघून टाकता येत न्हाई?" बायका जमल्यावर तेच परत बोलले. बाराव्या दिवशी तुला न्यायला जावईबापू आले तवा त्यांच्यादेखत तिसऱ्यांदा बोलले. तू माझ्याकडं बघितलंस ते मला आठवतंय. मी बघितलं न्हाई. मी भांडी घासत बसले. कुणाला तरी दोष द्यायचा होता, मला द्यायचा न्हवता, म्हणून तुझ्यावर टाकला. पोर तुझं गेलं आन बोल बी तुलाच.

हे लिहायला दोन कागद वाया गेले. तिसरा पाठवते.

आता ऐक. माझी जीभ हाय तशीच राहणार. पन्नाशीला आलेल्या बाईची जीभ पोत्यात गुंडाळून सुधरत न्हाई. ते वचन देत न्हाई, खोटं ठरंल. एवढं देते, की तू न्हाणीत असताना मी हाक मारायची न्हाई. घराला आग लागली तरी दार वाजवीन, हाक मारायची न्हाई. आन त्या दिवसाचा बोल परत माझ्या तोंडनं निघायचा न्हाई. धोंडाबाईनं काढला तर तिला मी बघून घेईन.

यायचं असंल तर शिवरात्रीला सकाळी हे स्वतः कापूरहोळच्या फाट्यावर गाडी घेऊन उभे राहतील. भोरासनं मोटारीनं तितवर जावईबापू आणतील. गाडीत पेंढा टाकलाय, त्यावर दोन गोधड्या. बैल हळू चालवायचे हे त्यांना सांगायला नको, त्यांना दुसरं काही येतच न्हाई. दुसऱ्या दिवशी अमावस्या, मग आठवा. त्याच्या पुढं मी तुला हलवायची न्हाई आन कुणाला हलवू द्यायची न्हाई.

यायचं नसंल तर न्हाई लिही. मी न्हाणी पाडायची न्हाई, रडायची न्हाई. नवव्यात मीच भोराला येईन. नातवंडाचं तोंड बघितल्याबिगर लेकीच्या घरचं खात न्हाईत, म्हणून माझे तांदूळ माझ्याबरोबर आणीन, परसात तीन दगड मांडीन आन तितं शिजवीन. तुझ्या सासूला हे आधी वाचून दाखव, म्हंजी दारात मला बघून तिला घाम फुटायचा न्हाई. पन तुझ्या वेळंला मी असणार. तू हितं, न्हाईतर मी तितं. तिसरं काही मला ठाऊक न्हाई.

द्वादशीला सकाळी गेनू तुमच्या दारात येईल. तो जेवून हात धुईपातूर जबाब लिहून त्याच्याकडं दे. सासूकडनं निरोप नको, सासऱ्यांच्या अक्षरात नको. येते लिही न्हाईतर न्हाई लिही, एक शब्द पुरे, पन तुझ्या हातानं. कोरा कागद आला तर गेनूला त्याच पावली परत फिरवीन.

तुझी आई